महावितरण, खासगीकरण आणि गावाची वीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाईन गेली, बिल वाढलं किंवा मीटर बदलला की गावात एकच वाक्य ऐकू येतं: "आता सारं खासगी झालं." पण तारा कोणाच्या, दर कोण ठरवतं आणि खांबावर कोण चढतं, ही तीन वेगळी कामं आहेत. त्यांची गल्लत झाली की अर्ज चुकीच्या टेबलावर जातो आणि तिथंच पडून राहतो. बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. महावितरण सरकारी आहे की खासगी? बिलावर तर "कंपनी मर्यादित" लिहिलेलं असतं.

सरकारी. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झालं. ६ जून २००५ रोजी त्याच्या चार कंपन्या झाल्या: वीज तयार करणारी महानिर्मिती, मोठ्या टॉवरच्या लाईनवरून ती वाहून नेणारी महापारेषण, घरापर्यंत व वावरापर्यंत पोचवणारी महावितरण आणि या तिघींचे भाग (शेअर) धारण करणारी सूत्रधारी कंपनी. चारही राज्य शासनाच्या मालकीच्या आहेत. "मर्यादित" हा शब्द कंपनी कायद्याखालच्या नोंदणीमुळे येतो, मालकी बदलल्यामुळे नाही. म्हणूनच महावितरणला माहितीचा अधिकार लागू आहे आणि तिच्या हिशेबावर महालेखापरीक्षकांची नजर असते.

२. मग मंडळ तोडलं कशाला?

विद्युत कायदा २००३ मुळे. एकाच मंडळात सगळे हिशेब असले की तोटा निर्मितीत होतो, वहनात होतो की वसुलीत, ते कळत नाही. वहन करणाऱ्या कंपनीनं वीज विकू नये, असाही कायद्याचा दंडक आहे. त्याच कायद्यानं निर्मितीला परवान्याची अट काढून टाकली आणि खासगी केंद्रांचा रस्ता मोकळा झाला.

३. दर कोण ठरवतं? मंत्री, कंपनी की आणखी कोणी?

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. तो १९९९ पासून आहे आणि त्याचं कार्यालय मुंबईत आहे. कंपनी सरकारी असो वा खासगी, किरकोळ विक्रीचा दर आयोगाच्या आदेशाशिवाय बदलता येत नाही. महावितरण पुढच्या काही वर्षांचा खर्च मांडणारी याचिका दाखल करते. तिची जाहीर सूचना वर्तमानपत्रांत येते, हरकतींसाठी मुदत दिली जाते, सुनावणी होते आणि मग आदेश निघतो. अमरावती आणि नागपूरलाही अशा सुनावण्या झाल्या आहेत.

शासनाला एखाद्या वर्गाला स्वस्त वीज द्यायची असेल, तर विद्युत कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे अनुदानाची रक्कम आगाऊ मोजावी लागते. कलम १०८ खाली शासन आयोगाला धोरणाबाबत निर्देश देऊ शकतं, पण अमुक दर लावा असा हुकूम सोडू शकत नाही.

हरकत कोणीही ग्राहक घेऊ शकतो. नुसतं "दर कमी करा" लिहिण्यापेक्षा आपल्या फिडरची (उपकेंद्रातून आपल्या भागाकडे येणाऱ्या लाईनची) ठोस माहिती द्या: महिन्यात किती तास तीन फेज लाईन मिळाली, किती डीप्या (रोहित्रं) जळाल्या, रीडिंग न घेता किती महिने सरासरी बिल आलं. अशा हरकतीला कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते आदेशात नोंदलं जातं. विदर्भातल्या गावांतून हरकती फार कमी जातात, याची खंत वाटते.

४. कोराडी, चंद्रपूर, तिरोड्याची राख अन् धूर आम्हाला. मग दर सगळ्यांसारखा आणि भारनियमन आम्हाला का?

प्रश्न रास्त आहे. महानिर्मितीचं चंद्रपूर केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे. कोराडी, खापरखेडा आणि पारस ही तिचीच केंद्रं. मौद्याचं केंद्र केंद्र सरकारच्या एनटीपीसीचं, तर तिरोड्याचं ३,३०० मेगावॉटचं केंद्र खासगी आहे. ही सगळी वीज एका जाळ्यात जाते आणि करारांनुसार वाटली जाते. केंद्र शेजारी असलं म्हणून त्या गावाचा विजेवर वेगळा हक्क कायद्यात नाही. महावितरणच्या क्षेत्रात एका वर्गाला एकच दर आहे, मग घर भंडाऱ्यात असो वा सांगलीत.

विदर्भासाठी वेगळा दर हवा असेल तर ती मागणी आयोगाकडे नव्हे, शासनाकडे करावी लागते, कारण तो अनुदानाचा विषय आहे. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या उद्योगांना २०१६ पासून वीज सवलत मिळाली ती याच वाटेनं.

राहिलं भारनियमन. महावितरणनं फिडरचे गट पाडले ते त्या फिडरवरची गळती आणि वसुली पाहून. म्हणून एकाच तालुक्यात दोन गावांना वेगळी वागणूक मिळते. पुष्कळदा तर राज्यात वीज असते, पण आपल्या उपकेंद्राच्या रोहित्राला भार झेपत नाही. रब्बीत ओलिताच्या दिवसांत हे हमखास होतं. त्यावर उपाय उपकेंद्राची क्षमता वाढवण्याचा किंवा फिडर वेगळा करण्याचा आहे. निवेदन देताना "भारनियमन बंद करा" याऐवजी हे लिहा.

५. कृषिपंपाची वीज फुकट आहे ना? मग बिल का येतं?

मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ पर्यंतचं बिल शासन महावितरणला भरतं. म्हणजे वीज फुकट तयार होत नाही, पैसे देणारा बदलतो. वापराची नोंद राहावी म्हणून बिल निघतंच.

दोन ठिकाणी घोळ होतो. एप्रिल २०२४ च्या आधीची थकबाकी या योजनेत येत नाही. आणि विहिरीवर ५ चा पंप असताना कंपनीच्या नोंदीत १० अश्वशक्ती असेल तर पूर्ण बिल लागतं. बिलावरचा मंजूर भार आजच पाहा. चुकीचा असेल तर भार दुरुस्तीचा अर्ज उपविभागात द्या आणि मोटरच्या पाटीचा फोटो जोडा.

६. खासगीकरण म्हणजे नेमकं काय काय?

एकाच शब्दाखाली पाच वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली, मालकीच विकणं. दिल्लीत २००२ साली वितरण कंपन्यांचे ५१ टक्के भाग खासगी कंपन्यांना दिले. ओडिशानं त्याच्याही आधी, १९९९ मध्ये हे केलं, ते फसलं आणि पुढं पुन्हा नव्या मालकाला द्यावं लागलं. महाराष्ट्रात महावितरणबाबत अशी विक्री झालेली नाही.

दुसरी, फ्रँचायझी. तारा, खांब, रोहित्रं आणि परवाना महावितरणचाच. खासगी कंपनी ठरलेल्या भावानं वीज घेते, लोकांना आयोगाच्या दरानं विकते, गळती कमी करून वसुलीतून कमावते. भिवंडीत हे २००७ पासून आहे.

तिसरी, समांतर परवाना (प्रश्न ८). चौथी, ठेकेदारी: रीडिंग, बिलवाटप, उपकेंद्र चालवणं, मीटर बसवणं. गावात खासगी माणसं दिसतात ती बहुतेक या चौथ्या प्रकारातली. पाचवी, खासगी निर्मिती, जिच्यात शेतातले सौर प्रकल्पही आले.

सरकारी आणि खासगीखेरीज तिसरी वाटही राज्यानं पाहिली आहे. नगर जिल्ह्यात मुळा-प्रवरा ही वीज सहकारी संस्था २०११ पर्यंत स्वतः वितरण करत होती. मुंबईत बेस्ट ही महापालिकेची आहे.

७. नागपुरात फ्रँचायझी होती, तिचं काय झालं?

मे २०११ मध्ये सिव्हिल लाईन्स, महाल आणि गांधीबाग या विभागांचं काम फ्रँचायझीकडे गेलं. ती कंपनी एसएनडीएल या नावानं ओळखली जायची. सप्टेंबर २०१९ मध्ये महावितरणनं ते काम परत हाती घेतलं. या काळात दर आयोगाचेच होते आणि कर्मचारी बदलले तरी ग्राहक महावितरणचाच होता. जळगाव आणि औरंगाबादमधल्या फ्रँचायझीही मुदतीआधीच संपल्या. आमचं मत असं, की करार शहराचा होता म्हणून तो गुंडाळताही आला. विरळ वस्तीच्या, लांब तारांच्या तालुक्यात परतीची सोय आधी लिहून न घेता असा करार करणं धोक्याचं आहे.

८. समांतर परवाना आला तर दोन कंपन्यांत स्पर्धा होऊन गावाला स्वस्त वीज मिळेल का?

गावाला मिळेल अशी चिन्हं नाहीत. कायद्याच्या कलम १४ प्रमाणे एकाच क्षेत्रात दुसऱ्या कंपनीला परवाना देता येतो, पण तिनं स्वतःचं वितरण जाळं वापरायचं असतं. नवी कंपनी जाळं टाकणार ते जिथं एका खांबावर वीस दुकानं आहेत तिथं. धुऱ्याधुऱ्यानं दोन किलोमीटर तार ओढून चार पंप जोडायला कोणी येणार नाही.

खरी काळजी पुढं आहे. आज मोठे औद्योगिक आणि व्यापारी ग्राहक खर्चापेक्षा जास्त दर देतात आणि त्यातून घरगुती छोटा ग्राहक व शेती यांचा भार थोडा हलका होतो. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. हे ग्राहक दुसरीकडे गेले की उरलेला खर्च उरलेल्यांवर येतो किंवा शासनाच्या तिजोरीवर. नवी मुंबई परिसरातल्या अशाच परवान्याच्या अर्जाला विरोध म्हणून जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचाऱ्यांनी ७२ तासांचा संप पुकारला होता. शासनाशी चर्चा झाल्यावर तो पहिल्याच दिवशी मागे घेतला गेला.

९. स्मार्ट मीटर लावला म्हणजे आमची वीज खासगी कंपनीला दिली का?

नाही. मीटर पुरवणं, बसवणं आणि त्यातली माहिती पाठवणं याचा काही वर्षांचा करार खासगी कंपन्यांना दिला आहे. परवाना, दर आणि बिलाची जबाबदारी महावितरणचीच. जून २०२४ मध्ये शासनानं सामान्य ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर लावणार नसल्याचं सांगितलं. त्यानंतर लागत असलेल्या मीटरवर बिल नेहमीप्रमाणे वापरानंतर येतं.

मीटर बदलताना एवढं करा: जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग आणि नव्याचं पहिलं रीडिंग, दोन्हींचा फोटो घ्या. बदलीचा अहवाल मागा आणि रीडिंग लिहिल्याशिवाय त्यावर सही करू नका. "बिल अचानक चौपट" अशा तक्रारींत जुन्या मीटरची साठलेली युनिटं एकाच महिन्यात टाकलेली असणं हे एक मुख्य कारण असतं.

१०. मीटर पळतो असं वाटतं. काय करावं?

आधी घरातली सगळी बटणं बंद करा. तरीही मीटरवरचा दिवा लुकलुकत असेल तर वायरिंगमध्ये गळती आहे किंवा मीटरच्या पुढून कोणी तार जोडली आहे. तसं नसेल तर उपविभागात मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या आणि शुल्काची पावती घ्या. तपासणी आपल्यासमोर व्हावी, हा आग्रह धरा. मीटर सदोष निघाला तर बिलाची दुरुस्ती वाद सुरू झाला त्या महिन्याच्या आधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरती होते. म्हणून वर्षभर वाट पाहणाऱ्याचं नुकसान होतं.

अनेक महिन्यांचं रीडिंग एकदम आलं असेल तर युनिटं त्या महिन्यांत वाटून प्रत्येक महिन्याला १ ते १०० आणि १०१ ते ३०० या टप्प्यांचा लाभ मिळायला हवा. बिलात तो दिसला नाही तर "स्लॅब बेनिफिट द्या" असं स्पष्ट लिहा.

११. डीपी जळाली. लाईनमन म्हणतो वर्गणी करा, गाडी करा. द्यायचे का पैसे?

नाही. रोहित्र कंपनीचं, त्यातलं ऑईल कंपनीचं आणि ते आणण्या-नेण्याचा खर्चही कंपनीचाच. हरभरा वाळत असताना हे ऐकणं किती जड जातं ते माहीत आहे, पण वर्गणी दिली की पुढच्या वेळी तीच प्रथा होते.

१९१२ किंवा १८००-२१२-३४३५ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या, कारण वेळ तिथून मोजली जाते. १२ अंकी ग्राहक क्रमांक आणि डीपीवर रंगवलेला क्रमांक जवळ ठेवा. त्याच दिवशी डीपीवरच्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज उपविभागात देऊन पोच घ्या. ग्रामीण भागात रोहित्र बदलण्यासाठी ४८ तासांचं मानक आहे. त्यापुढं उशीर झाला तर आयोगाच्या कृती मानकांप्रमाणे भरपाई मागता येते, आणि तिथं पोच व तक्रार क्रमांक हाच पुरावा. दाद मागायचा क्रम प्रश्न १५ मध्ये आहे.

१२. आमची डीपी दर हंगामात का जळते?

हिशेब करून पाहा. ५ अश्वशक्तीची मोटर चालताना साधारण ५.५ केव्हीए (रोहित्राची क्षमता याच एककात मोजतात) ओढते. म्हणजे १०० केव्हीएच्या डीपीवर एका वेळी १८ च्या आसपास पंप चालतात, ६३ केव्हीएवर ११. त्यावर चोरून आकडे टाकलेले सात-आठ पंप आले की ऑईल तापतं, वाइंडिंगचं इन्सुलेशन करपतं.

दुसरं कारण ऑटो स्विच. मोटर सुरू होताना नेहमीच्या सहापट करंट ओढते. लाईन येताच सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठल्या की तो धक्का डीपी सोसत नाही. ऑटो काढा, किंवा निदान प्रत्येकानं वेगवेगळ्या मिनिटांचा टायमर लावा.

तिसरं, कपॅसिटर नसणं. ५ अश्वशक्तीला २ केव्हीएआर, ३ ला १, ७.५ ला ३ केव्हीएआरचा कपॅसिटर लावला की करंट उतरतो आणि टोकाच्या वावरात व्होल्टेज सुधारतं.

चौथं, आणि सर्वांत घातक: फ्यूज उडतो म्हणून किटकॅटमध्ये (फ्यूज बसवायच्या खाचेत) जाड तार गुंडाळणं. फ्यूजनं जळायचं असतं. तो जळाला नाही तर दोष थेट रोहित्रात जातो. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यानंही व्होल्टेज डळमळतं. पेटी उघडणं, फ्यूज टाकणं हे काम मात्र लाईनमनचंच. दरवर्षी यात गावातली धडधाकट माणसं जातात.

मंजूर भारच क्षमतेच्या वर गेला असेल तर वाढीव क्षमतेचं किंवा जादा रोहित्र मागा. अर्जात प्रत्येक पंपाचा ग्राहक क्रमांक आणि अश्वशक्ती लिहा.

१३. सौर पंप घेतला. तो बंद पडला तर महावितरण पाहणार का?

"मागेल त्याला सौर कृषिपंप" योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीसाठी ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाचपर्यंत ५ आणि त्यावर ७.५. यादीतला पुरवठादार आपण निवडतो आणि पहिली पाच वर्षं दुरुस्ती त्याच्याकडे असते. तक्रार पुरवठादाराकडे नोंदवा आणि तिची प्रत महावितरणला द्या, कारण योजना राबवणारी तीच आहे. पुरवठादार निवडताना त्याचं सेवा केंद्र आपल्या जिल्ह्यात आहे का, एवढं आधी विचारा.

गावाजवळ मोठा सौर प्रकल्प होऊन शेतीच्या फिडरला दिवसा वीज मिळणं ही वेगळी योजना आहे: मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. तिच्यात जमीन भाड्यानं देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असते. प्रकल्प खासगी असला तरी वीज महावितरण विकत घेते. ताडोबाच्या कडेच्या गावांत रात्री ओलीत करणं म्हणजे वाघाच्या वाटेवर उभं राहणं, त्यामुळं तिथं ही योजना आधी पोचली पाहिजे.

१४. तार तुटून बैल मेला. अधिकारी म्हणतात काम ठेकेदाराचं होतं. भरपाई कोणाकडे?

महावितरणकडे. धोकादायक वस्तू हाताळणाऱ्यावर, त्याची चूक सिद्ध न होताही, जबाबदारी येते, असं सर्वोच्च न्यायालयानं मध्य प्रदेश वीज मंडळाच्या प्रकरणात २००२ साली सांगितलं आहे. ठेकेदाराकडून वसूल करणं हा कंपनीचा प्रश्न.

जनावर हलवू नका. फोटो काढा, पोलीस पाटील आणि तलाठी यांना कळवून पंचनामा करा. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घ्या. जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकांना लेखी कळवा: त्यांचा अहवाल नसला की प्रकरण अडतं. माणूस दगावला असेल तर पोलीस ठाण्यातली नोंदही लागते.

१५. दाद मागायचा क्रम काय?

आधी उपविभागात लेखी तक्रार आणि पोच. निकाल लागला नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. स्वतः बाजू मांडता येते. मंचाचा आदेश मान्य नसेल तर ६० दिवसांत विद्युत लोकपाल. त्यांचं एक कार्यालय नागपुरात आहे. फ्रँचायझी असलेल्या भागातही हाच क्रम.

१६. मंचानं माझा अर्ज घेतलाच नाही. का?

बहुधा प्रकरण कलम १२६ किंवा १३५ चं असेल. घरगुती मीटरवर पिठाची गिरणी चालवली तर १२६ लागतं: दुप्पट दरानं आकारणी, कालावधी ठरवता आला नाही तर मागच्या १२ महिन्यांची. त्यावर अपील ३० दिवसांत, निम्मी रक्कम भरून. आकडा टाकणं किंवा मीटरशी छेडछाड म्हणजे १३५, ती चोरी, आणि खटला विशेष न्यायालयात चालतो. नोटीस आली की पहिल्यांदा कलमाचा आकडा वाचा. चुकीच्या दारात ३० दिवस गेले तर अपील हातचं जातं.

१७. पाच वर्षांपूर्वीची थकबाकी आता दाखवली. लाईन कापता येईल का?

कलम ५६ प्रमाणे कापण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. रक्कम देय झाल्यापासून दोन वर्षं उलटली आणि ती बिलात सलग दाखवलेली नसेल, तर तिच्यासाठी पुरवठा तोडता येत नाही. म्हणून जुनी बिलं फेकू नका. रक्कम वादात असेल तर हरकत नोंदवून भरता येते, त्यामुळं दिवा चालू राहतो आणि वादही.

१८. विकत घेतलेल्या घरावर आधीच्या मालकाची थकबाकी निघाली.

राज्याच्या पुरवठा संहितेत वारस नसलेल्या नव्या मालकावर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या थकीत आकाराचा बोजा येतो. वारसाला ही मर्यादा नाही. वावर किंवा घर घेताना सातबारासोबत शेवटचं वीजबिलही पाहा.

१९. ग्रामपंचायतीनं बिल भरलं नाही म्हणून नळयोजनेची लाईन कापली. लोकांनी काय करायचं?

इथं ग्राहक ग्रामपंचायत आहे, आपण नाही. त्यामुळं मंचात आपला वैयक्तिक अर्ज टिकत नाही. ग्रामसभेत पाणीपट्टीची जमा आणि वीजबिलाचा खर्च वाचून दाखवायला सांगा. पथदिवे आणि नळयोजना यांची जोडणी वेगळी असते, बिलंही वेगळी. एकाची थकबाकी दुसऱ्यावर टाकलेली नाही ना, तेही तपासा. पाणीपट्टी ग्रामपंचायत ठरवते, विद्युत नियामक आयोगाचा तिच्याशी संबंध नाही.